मल्हारची ‘इम्युनिटी’ वाढवण्याआधी

सुदामानगरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा रॉटवायलर मल्हार सात वर्षांचा, वजन 44 किलो. महिनाभर पुढच्या डाव्या पायाने लंगडत होता, मग मनगटाच्या वर टणक सूज आली. एक्स-रे काढला, सुईने नमुना घेतला, आणि ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर निघाला. त्यांच्या बहिणीच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, गुडघ्याच्या वर हाच आजार झाला होता. मुंबईला उपचार झाले, मुलगा आता कॉलेजात जातो. ताई विचारतात: हे एकाचे दुसऱ्याला लागले का? शरीर स्वतः लढत का नाही? आणि पाय न कापता, गिलोय-हळद देऊन किंवा ‘ती नवीन इम्युनिटीची इंजेक्शनं’ मागवून मल्हारची प्रतिकारशक्ती वाढवता येईल का?

मी महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलो आणि सत्तावीस वर्षे इंदुरात कुत्री-मांजरे बघतो आहे. माणसांचा डॉक्टर नाही. त्यामुळे भाच्याविषयी जे लिहीन ते आजाराविषयी समजा, त्याच्या उपचाराविषयी नव्हे.

आधी या आठवड्याचे बोलतो, कारण प्रतिकारशक्तीची चर्चा चालू असताना मल्हारला दुखते आहे. हाडाचा कॅन्सर फार दुखतो. कुत्रा विव्हळत नाही म्हणून आपल्याला वाटते की सहन होतंय. जेवण कमी होणे, रात्री जागा बदलत राहणे, धापा टाकणे, हे त्याचे रडणे आहे. त्याला कुत्र्याचे दुखण्यावरचे औषध नियमित चालू हवे. घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका, त्याने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडे बसतात. आणि कोणी ‘सूज उतरेल’ म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ केले तर आधीच्या गोळ्या दाखवा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. पोखरलेले हाड जिना उतरतानाही मोडते, तेव्हा जिना बंद.

आता लागण्याचे. नाही, लागले नाही. भाच्याकडून मल्हारला नाही, मल्हारकडून कोणाला लागणार नाही. नातू त्याच्या गळ्यात पडला तरी चालेल. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण कुत्र्यांत एक कॅन्सर खरोखर लागतो, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता देता दुसऱ्याचे निम्मे उत्तर त्यातच मिळते.

आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ होते, ती तुम्ही पाहिली असेल. तिला आम्ही टीव्हीटी म्हणतो. समागमातून जिवंत कॅन्सरपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. म्हणजे ती गाठ त्या कुत्र्याची नसतेच. हजारो वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी एका कुत्र्यात सुरू झालेला तो कॅन्सर आजही अंगे बदलत जगतो आहे. परक्याची पेशी अंगात शिरली तर शरीराने तिला तत्काळ हाकलायला हवे. मूत्रपिंड बसवलेल्या माणसाला आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात त्या याचसाठी. मग टीव्हीटी टिकते कशी? ती आपली ओळखपत्रे लपवते. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर आतल्या प्रथिनांचे तुकडे मांडून ठेवते, आणि टी पेशी, म्हणजे पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, येता-जाता ते तपासतात. टीव्हीटीची पेशी ती मांडणीच जवळजवळ बंद करते. आम्ही आठवड्याला एक व्हिन्क्रिस्टिन, म्हणजे केमोचे इंजेक्शन, देतो. काही डोस होतात आणि बहुतेक कुत्री बरी होतात. पण त्यात औषधाचा वाटा अर्धाच. औषधाने काही पेशी मरतात, तिथे सूज येते, ओळखपत्रे पुन्हा दिसू लागतात आणि टी पेशी धावून येऊन बाकीचे काम उरकतात. उपाशी, गोचिडांनी भरलेल्या, कधी कोणी ‘इम्युनिटी’ची पावडर न घातलेल्या कुत्र्यात हे घडते.

म्हणून ताई, ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ हे वाक्य मला खटकते. मल्हारची प्रतिकारशक्ती धडधाकट आहे. त्याला गॅस्ट्रो झाला तर ती लढेल, जखम झाली तर लढेल. या एका गाठीपुढे ती गप्प बसते, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्यातला काही भाग गाठीसाठी काम करतो. फितुरी आहे ही. किल्ल्यात फितूर असताना शिबंदी वाढवून काय उपयोग?

फितूर कोण, हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. हाडाच्या या गाठीत टी पेशी थोड्या असतात, मॅक्रोफेज मात्र भरपूर. मॅक्रोफेज म्हणजे कचरा खाणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशी. हाडाच्या मगजात तयार होतात, रक्तात मोनोसाइट म्हणून फिरतात आणि जिथे गरज तिथे उतरतात. त्यांना दोन स्वभाव असतात. जंतू दिसला की त्या आग ओकतात, आणि जखम भरायची असेल तेव्हा शांत होऊन नव्या रक्तवाहिन्या, नवे ऊतक उभारायला मदत करतात. गाठ त्यांना कायम दुसऱ्या स्वभावात ठेवते: ‘ही जखम आहे, भरत राहा.’ भर म्हणून हाडाची स्वतःची रचना गाठीच्या सोयीची. हाडात टीजीएफ-बीटा नावाचे द्रव्य साठवलेले असते. कॅन्सर हाड पोखरतो तसे ते सुटते आणि टी पेशींना झोपवते. हाड जितके पोखरले जाते तितका पहारा ढिला पडतो.

कुत्र्यांत यावर एक साधी पाहणी झाली आहे, आणि ती मी विसरत नाही कारण तिला फक्त रक्ततपासणी लागते. उपचारापूर्वी ज्या कुत्र्यांच्या रक्तात मोनोसाइट आणि लिम्फोसाइट (टी पेशी याच जातीच्या) कमी होते, त्यांना आजार उशिरा उलटला. पांढऱ्या पेशी जास्त म्हणजे प्रतिकार जास्त, या आपल्या समजाच्या बरोबर उलट. पण इथेही सरळ रेघ मारू नका. गाठीच्या आत मॅक्रोफेज जास्त असणे हे माणसांत आणि कुत्र्यांतही चांगल्या परिणामाशी जोडलेले आढळले आहे. म्हणजे सैनिक वाईट नाहीत. कोणाच्या हुकमात आहेत हा प्रश्न आहे.

हे वळवता येतात का? याची गोष्ट फार जुनी आहे आणि तीही हाडाच्याच कॅन्सरपासून सुरू होते. न्यूयॉर्कचे तरुण सर्जन विल्यम कोली यांच्याकडे बेसी डॅशिएल नावाची सतरा वर्षांची मुलगी हाताच्या सार्कोमाने, म्हणजे हाड-स्नायूंत होणाऱ्या कॅन्सरने, आली. त्यांनी हात कोपराखाली काढला, तरी 1891 च्या जानेवारीत ती गेली. कोलींनी जुनी बाडे चाळली, तेव्हा मानेवर सार्कोमा असलेल्या एका रुग्णाची नोंद मिळाली. शस्त्रक्रियेनंतर त्याला एरिसिपेलस, म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग झाला होता, जोराचा ताप आला आणि गाठ विरली. कोलींनी तो माणूस शोधून काढला. सात वर्षांनी तो ठणठणीत होता. मग कोली रुग्णांना आधी जिवंत जंतू, नंतर मेलेल्या जंतूंचे मिश्रण टोचू लागले. काही बरे झाले, काही दगावले, आणि पुढे रेडिएशन आल्यावर लोक ते विसरले.

शंभर-एक वर्षांनी तोच धागा कुत्र्यांनी पुन्हा हातात दिला. अमेरिकेत काही कुत्र्यांचा पाय न कापता फक्त कॅन्सरचा तुकडा काढून तिथे दुसरे हाड बसवत. या शस्त्रक्रियेत जंतुसंसर्ग फार होतो, सर्जन वैतागतात. 2005 मध्ये हिशेब मांडला तर संसर्ग झालेल्या कुत्र्यांचे मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मी त्याहून कमी जगली, निम्मी जास्त) 685 दिवस आणि न झालेल्यांचे 289 दिवस निघाले. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये माणसांची आकडेवारी आली: कृत्रिम सांध्याला संसर्ग झालेले सुमारे 84 टक्के रुग्ण दहा वर्षांनी जिवंत, इतरांत 62 टक्के. मी स्वतः या आकड्यांकडे जरा जपून बघतो. जो जास्त जगतो त्याला संसर्ग व्हायला वेळही जास्त मिळतो, हे विसरता येत नाही. आणि कृपा करून कोणी मुद्दाम जखम चिघळवू नये; मला एकाने खरेच विचारले होते.

पण मधल्या काळात एक सभ्य मार्ग सापडला होता. जंतूच्या भिंतीतला एक छोटा रेणू, तेवढाच घेऊन, चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून शिरेतून द्यायचा. मॅक्रोफेज ते थेंब गिळतात, त्यांना वाटते जंतू आला, आणि त्यांचा स्वभाव पालटतो. औषधाचे नाव मिफाम्युर्टाइड. हे पहिल्यांदा मुलांवर नव्हे, आजारी पाळीव कुत्र्यांवर तपासले गेले. विस्कॉन्सिनच्या ग्रेगरी मॅक्युएन यांनी 1989 मध्ये दाखवले की पाय काढल्यावर हे औषध मिळालेली कुत्री मध्यम 222 दिवस जगली, न मिळालेली 77. नंतरच्या प्रयोगात केमो पूर्ण झाल्यावर दिले तर फायदा झाला. केमोच्या सोबतच दिले तर झाला नाही. मला ही सगळ्यात शिकवणारी ओळ वाटते. तेच औषध, तोच आजार, फक्त वेळ चुकली.

पुढे ते मुलांपर्यंत पोचले. 662 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत सहा वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण केमोसोबत 70 वरून 78 टक्क्यांवर गेले. युरोपने 2009 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेने त्याआधीच पुरावा अपुरा म्हणून नाकारली होती. आठ टक्के म्हणजे कमी का? गेल्या चाळीस वर्षांत या आजारात मुलांच्या जगण्याचा आलेख जवळजवळ आडवा आहे. गाठ पसरलेली नसेल तर तीनांपैकी दोन मुले पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. फुप्फुसात पोचली असेल तर चित्र बिघडते. केमो येण्याआधी, नुसता पाय काढण्याच्या काळात, पाचांत एकही धड वाचत नसे. तिथून इथवर केमोने आणले, आणि मग गाडी थांबली. त्या आडव्या रेघेवर आठ टक्के मला मोठे वाटतात.

‘नवीन इम्युनिटीची इंजेक्शनं’ म्हणजे तुम्हाला बहुधा पीडी-1 रोखणारी औषधे म्हणायची असतील, ज्यांनी कातडीच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चमत्कार केले. ती टी पेशींचा ब्रेक काढतात. पण गाडीच नसेल तर ब्रेक काढून काय पुढे जाणार? हाडाच्या या कॅन्सरमध्ये टी पेशीच थोड्या. त्यांतलेच एक, पेम्ब्रोलिझुमॅब, ऑस्टिओसार्कोमाच्या 22 रुग्णांना दिले तेव्हा एकाची गाठ आक्रसली. 22 मध्ये एक. अमेरिकेत कुत्र्यांसाठी या जातीचे एक औषध 2023 मध्ये आले, तेही मास्ट सेल ट्यूमर आणि मेलॅनोमा या दुसऱ्या कॅन्सरांसाठी, हाडासाठी नाही. कुणी इंदुरात माणसांचे इंजेक्शन मिळवून देतो म्हणाला तर पैसे वाचवा. माणसाच्या प्रथिनाविरुद्ध बनवलेले प्रतिद्रव्य कुत्र्यात नीट चिकटेलच असेही नाही.

दोन गोष्टींकडे मात्र माझे लक्ष आहे. एक, पेनसिल्व्हेनियात निकोला मेसन यांनी दुबळ्या केलेल्या लिस्टेरिया जंतूत कॅन्सरवर आढळणारे एचईआर-2 हे प्रथिन घालून लस केली. पाय काढून केमो झालेल्या 18 कुत्र्यांना ती दिली आणि त्यांचे मध्यम आयुष्य 956 दिवस आले. कोलींचीच कल्पना, फक्त जंतूच्या हातात आरोपीचा फोटो दिलेला. आकडा सुंदर, पण कुत्री अठराच, शेजारी तुलनेचा गट नाही, आणि जंतू जिवंत असल्याने नंतर काही कुत्र्यांत त्याचाच संसर्ग झाल्याचेही नोंदले गेले. तुमच्या घरात म्हातारे सासरे आणि लहान नातू आहे, तेव्हा हेही धरावे लागते. दुसरी, कोलोरॅडोतली. रक्तदाबाची साधी लोसार्टन, जी आपल्या निम्म्या शेजाऱ्यांच्या डब्यात असते, ती मोनोसाइटना गाठीकडे जाण्यापासून अडवते असे लक्षात आले. फुप्फुसात पसरलेल्या 28 कुत्र्यांना ती टोसेरॅनिब या कुत्र्यांच्या कॅन्सरवरच्या गोळीबरोबर दिली, तेव्हा सुमारे निम्म्यांत आजार थांबला किंवा कमी झाला. तशीच जोडी मुलांतही तपासायला घेतली गेली. काकांच्या डब्यातली गोळी मल्हारला देऊ नका मात्र. त्या प्रयोगातली मात्रा माणसाच्या मात्रेच्या कितीतरी पट होती आणि रक्तदाब-मूत्रपिंडावर नजर ठेवून दिली होती. अंदाजपंचे दिली तर एक तर परिणाम नाही, नाहीतर कुत्रा चक्कर येऊन पडेल.

कुत्र्याचे मुलाला लागू होते का, असे तुम्ही विचाराल. प्रयोगशाळेतल्या उंदराला कॅन्सर टोचून करतात, बहुधा प्रतिकारशक्ती काढून घेतलेल्या उंदराला, म्हणजे आपल्याला पाहायचे तेच तिथे नसते. मल्हारला तो आपोआप झाला, शाबूत प्रतिकारशक्तीच्या अंगात, तुमच्याच घरातली हवा घेत. आजारही चेहऱ्याने तोच: भराभर वाढणाऱ्या लांब हाडांच्या टोकांशी, उंच मुलांत आणि मोठ्या जातींच्या कुत्र्यांत, पसरतो तो फुप्फुसात. 2009 मध्ये गाठींतील जनुकांचे नमुने शेजारी ठेवले तेव्हा कुठला कुत्र्याचा, कुठला मुलाचा हे वेगळे काढता आले नाही. फरकही आहेत. मुलाला हा वयात येताना होतो, कुत्र्याला बहुधा उतारवयात. सात वर्षांचा रॉटवायलर म्हणजे प्रौढ गृहस्थ, आणि टी पेशी घडवणारी त्याची थायमस ग्रंथी केव्हाच आक्रसलेली. शिवाय कुत्र्यांत तो फार अधिक आढळतो आणि फार वेगाने धावतो, म्हणून जे मुलांत दहा वर्षांनी कळते ते कुत्र्यांत दोन वर्षांत कळते. (रॉटवायलरचे वर्षाच्या आत खच्चीकरण केले तर हाडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, असे 2002 च्या एका पाहणीत दिसले. मल्हारचे केव्हा झाले ते तुम्ही लिहिले नाही, आणि आता त्यावर रात्री जागूही नका. पुढचे पिल्लू आणाल तेव्हा विचारा.)

गिलोयचे. आपल्याकडे गिलोय म्हणतात ती गुळवेल. ती प्रतिकारशक्ती ढवळते, हे खरे असेलही. पण कुठल्या दिशेला, हे कोण ठरवणार? कोविडच्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांत यकृताला सूज आल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद इथे नको. केमोच्या आधी यकृत धड हवे, एवढ्या कारणाने मी थांबवायला सांगतो. चिमूटभर हळद दूध-भातात घालायची तर घाला. तिने कॅन्सर जाणार नाही, पण घरातल्या आजीचे समाधान होईल, आणि त्यालाही किंमत आहे.

मग पाय. मला माहीत आहे, खरा प्रश्न हाच आहे आणि बाकीचे सगळे त्याच्या भोवतीने आले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ग्रेट डेन आला होता. खांद्याशी लंगड. मी मुरगळ म्हणून तीन आठवडे गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला नाही. कुत्रा मोठा, उड्या मारणारा, मुरगळच असणार. चौथ्या आठवड्यात हाड मोडले. तेव्हापासून मोठ्या जातीचा कुत्रा दोन आठवड्यांहून जास्त लंगडला की मी फिल्म काढल्याशिवाय पुढे जात नाही, मालक कितीही नको म्हणाला तरी. मालकांनी मला कधी बोल लावला नाही, तेच जास्त लागले. त्या डेनचा पाय काढला आणि दहाव्या दिवशी तो तीन पायांवर त्यांच्या अंगणात मांजरामागे पळत होता. कुत्र्याला आरशात बघायचे नसते, दुखणे गेले की त्याच्या लेखी हिशेब संपतो.

पाय काढणे हे नुसते दुखण्यावरचे औषध नाही, प्रतिकारशक्तीच्या बाजूनेही तेच पहिले काम आहे. मोठी गाठ म्हणजे फितुरीचे केंद्र. ती जागेवर असेपर्यंत कुठलीही लस, कुठलेही इंजेक्शन तिच्यापुढे हात टेकते. वर सांगितलेले मिफाम्युर्टाइडचे आणि लशीचे कुत्र्यांतले यश गाठ काढून टाकल्यावरचे आहे. निदानाच्या दिवशीच दहांतल्या नऊहून अधिक कुत्र्यांत काही पेशी फुप्फुसात पोचलेल्या असतात, एक्स-रेत दिसो न दिसो. त्या विखुरलेल्या थोड्या पेशींशीच प्रतिकारशक्तीला लढता येते. नुसता पाय काढला तर कुत्री मध्यम चार-पाच महिने जगतात. वर कार्बोप्लॅटिन या केमोचे चार ते सहा डोस, दर तीन आठवड्यांनी, तर दहा-बारा महिने, आणि पाचांतले एखादे दोन वर्षेही. भाच्याचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवून घाबरू नका. कुत्र्याला आपण केमो कमी जोराने देतो, केस बहुधा गळत नाहीत, उलट्याही थोड्याच. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा ताप आला तर रात्री दोन वाजताही फोन करायचा.

पण हे सगळे तेव्हाच, जेव्हा छातीच्या तिन्ही बाजूंच्या फिल्म स्वच्छ निघतील आणि बाकीचे तीन पाय 44 किलो पेलतील. फुप्फुसात गाठी दिसल्या तर मी पाय काढायचा आग्रह धरणार नाही. तेव्हा दुखणे थांबवू, हाडासाठी झोलेड्रोनेट देऊ, आणि त्याला जे आवडते ते खायला घालू. तोही उपचारच आहे.

भाच्याला एक सांगा. त्याला मिळालेली केमो आणि मल्हारला मिळणारी एकाच घराण्यातली आहे. आणि त्याच्या तपासण्या चुकवू नका म्हणावे, तीन वर्षे झाली म्हणून छातीचा स्कॅन टाळायचा नाही.

शनिवारी सकाळी मल्हारला उपाशीपोटी आणा, पाणी चालेल. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम बघायचे आहे, ते चढलेले असेल तर गणित बदलते. जुन्या फिल्म मूळच्या आणा, मोबाइलवरचा फोटो नको, त्यात हाडाची कड दिसत नाही. आणि दवाखान्याच्या पायऱ्या त्याला चढायला लावू नका, मागच्या दाराने उचलून आणू. दोन जण मी ठेवतो, दोन तुम्ही आणा.